कोटातला लांडगा
पत्र्याच्या पेटीतून जुनं चित्रांचं पुस्तक निघालं आणि अजून त्याला लोकरीचा वास होता. वडिलांच्याही जन्माआधीचं ते इंग्रजी पुस्तक मामानं बीडच्या रद्दीतून आणलेलं. एका पानावर कोट घातलेला लांडगा कोकरासोबत चहा पीत होता. लहानपणी चौसाळ्याजवळच्या शेतात खतासाठी आमची मेंढरं बसली होती, तिथं मी ते हसत हसत वडिलांना दाखवलं. त्याच आठवड्यात लांडग्यानं आमचं एक कोकरू नेलेलं. ‘‘कावून हसतो? हितं चित्रात राखणीला कुत्रं कुठं हाय?’’ असं म्हणून वडिलांनी लांडगा आणि कोकराच्या बरोबर मधून पान दुमडलं आणि लांडगा मागं गेला. आता वडील नाहीत. मघाशी ती घडी सरळ करायला गेलो, पण हात थांबला. कोकरू एकटंच निवांत चहा पीत होतं.