शोकेसमधली टेकडी

माझ्या नणंदेने सिंगापूरमधल्या नोव्हेनाच्या इस्पितळातली पक्की नोकरी सोडली आणि टास्मानियातल्या एका थंड टेकडीवर द्राक्षं लावली, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. दुसऱ्याचं धाडस सांगायला मला फार आवडतं. स्वतःला काही करावं लागत नाही.

पहिल्या रेड वाईनच्या सहा बाटल्या तिने आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर पाठवल्या. फोनवर बजावलं, "वहिनी, आडव्या ठेव. गार, अंधाऱ्या जागी. मी आल्यावरच उघडायच्या."

आता अंधारातली बाटली पाहुण्यांना दिसणार कशी? मी त्या हॉलमधल्या शोकेसमध्ये ओळीने उभ्या केल्या आणि मागे पिवळा दिवा सोडला. दुपारभर पश्चिमेचं ऊन काचेवर यायचं, तेव्हा तर काय शोभा! येईल त्याला मी तिथे उभं करायची. "एका टेकडीची वाईन बरं ही! एका वर्षी दंवाने कोंब करपले, निम्मं पीक गेलं. शेजारी आपली द्राक्षं देत होता, पण ही बया म्हणाली, बाटलीवर या टेकडीचं नाव आहे, आत परकी द्राक्षं नकोत." इथे मी आवाज खाली आणायची. एकदा तर माझेच डोळे भरून आले.

काही महिन्यांनी नणंद आली. एका रेस्टॉरंटची मालकीण आमच्याच घरी वाईन चाखायला येणार होती. तिने घेतली तर टेकडी राहणार होती, नाही तर नणंद पुन्हा नोकरी शोधणार होती.

मालकीण आली. मी दंवाच्या प्रसंगात पुरती रंगले होते. नणंदेने पहिल्या बाटलीवरचं वेष्टण काढलं, तर बूच उष्णतेने वर सरकलेलं. तिने त्यावर अंगठा ठेवला, शोकेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मालकिणीने घोट घेतला. "मुरंबा," ती म्हणाली. दुसरी बाटली उघडली. तीही तशीच.

"खरं सांग," ती सिंगापुरी ढंगात नणंदेला म्हणाली, "थंडीतल्या द्राक्षांना अशी चव येत नाही. गरम मुलखातली मिसळलीस ना? सगळेच मिसळतात लाह."

नणंदेचे कान लाल झाले. "नाही. सगळी एकाच टेकडीची."

"मग टेकडीच तशी असेल." मालकिणीने पर्स उचलली.

कुणाच्याही बारशाला तासभर बोलू शकणारी मी, चकल्या आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. दारातून पाहिलं तर नणंद तोच ग्लास पुन्हा पुन्हा हुंगत होती. बूच तिने पाहिलं होतं, कारण तिला ठाऊक होतं, तरी तिची स्वतःचीच खात्री डळमळत होती. परक्या बाईसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून ती गप्प होती. मला तिथे उभं राहवेना.

"टेकडीचा दोष नाही," मी बाहेर येऊन म्हणाले. आवाज अगदीच लहान निघाला. "हिने अंधारात ठेवायला सांगितलं होतं. मी इथे ठेवल्या. मिरवायला." आणि शोकेसचा दिवा लावून दाखवला.

मालकीण उठली, उन्हाने तापलेल्या काचेवर तळवा टेकवला आणि झटकन काढला. "आयो, आन्टी! सूप केलंस लाह!" ती खो-खो हसली. नणंद हसली नाही. जाताना मालकीण तिला म्हणाली, "पुढच्या हंगामाची थेट माझ्याकडे पाठव. चाखते, मग ठरवू."

दार लागलं. "वन्सं, घाल शिव्या," मी म्हणाले. एरवी तिला थट्टेने वन्सं म्हणते. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"घालीन. आधी उरलेल्या उघड."

एक तरी वाचली असेल म्हणून ती एकेक चाखत गेली आणि सिंकमध्ये थुंकत गेली. मी ग्लास विसळत होते. सांगायला एकही किस्सा सुचेना. शेवटच्या बाटलीचा घोट मात्र तिने गिळला.

"अजून एक हंगाम करते," ती म्हणाली. "बघ ना वहिनी, चवीच्या अगदी मागे आहे ती टेकडीची थंडी. लागतेय?"

मी घोट घेतला. मला नुसता मुरंबा लागला.

"हो," मी म्हणाले, "लागतेय की."