अक्काच्या ताटातलं हिरवं

दाजींचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये दिवसातल्या पहिल्या माणसाच्या दंडाला रबर बांधत होते. "सुनंदा, अक्का गेली. सात वाजून दहा मिनिटांनी," एवढंच ते म्हणाले. गणिताचे मास्तर. बायको गेल्याचं सांगतानाही वेळ मिनिटांत. मी रबर सोडलं, त्या माणसाला दुसऱ्या मुलीकडं दिलं आणि धाराशिवहून बेंबळीची गाडी धरली. पोचेपर्यंत ओसरी बायकांनी भरली होती आणि जी ती मला धरून एकच सांगत होती, "तुझ्या बहिणीनं पथ्य लई पाळलं गं. असं पथ्य कुणी पाळत न्हाय." हे तिचं कौतुक होतं. दीड महिना झाला, ते वाक्य मला अजून सहन होत नाही. गेलेल्या माणसाविषयी आणि मागं राहिलेल्याविषयी गोड लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी अक्काच्या हृदयातली एक झडप बदलून धातूची बसवली. धातूवर रक्त गोठतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची लागली. रक्त किती पातळ आहे हे दर महिन्याला तपासायचं, आणि ते रक्त मीच काढायची. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं, आणि गोळी नेमकी त्यालाच अडवते. त्यामुळं डॉक्टरांनी सांगितलं होतं की पालेभाजी खा, पण रोज साधारण सारखीच खा, एक दिवस उपास आणि एक दिवस टोपलीभर असं करू नका. मी तिथंच उभी होते. घरी आल्यावर दाजींनी मला विचारलं, "सारखीच म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांग."

"अंदाजानं हो दाजी. वाटीभर."

"मेथीची वाटी आणि चाकवताची वाटी एकच का?"

"तुला येत नाही, डॉक्टरला येत नाही. मग शून्य. शून्य मोजता येतं," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून अक्काच्या ताटातलं हिरवं गेलं. मेथी, पालक, तांदुळजा, कोथिंबीर, वरणातला कढीपत्तासुद्धा. मारणं नाही, ओरडणं नाही. ते फक्त जेवताना शेजारी बसायचे आणि बघायचे.

ही कोण बाई होती ते सांगते. शेताच्या बांधावरून चालताना घोळ, पाथरी, चिघळ खुडत जाणारी आणि घरी पोचेपर्यंत निम्मी कच्चीच संपवणारी. हरभऱ्याचा कोवळा शेंडा मिठाबरोबर खाताना तिचे डोळे मिटायचे. आणि येळवस... म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव शेतात जेवतं आणि ताटात भज्जी असते, ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, मेथी, पातीचा कांदा, जे हिरवं हाती लागेल ते बेसनात शिजवलेलं. अक्काची भज्जी खायला शेजारच्या शिवारातले लोक यायचे. आजारानंतरही ती करायची आणि दुसऱ्यांना वाढायची. तिसऱ्या वर्षी, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीमागं बसून तिनं दोन वाट्या खाल्ल्या. चार दिवसांनी तपासणीत आकडा खाली घसरलेला, म्हणजे रक्त घट्ट झालेलं. मी तिला विचारलं नाही, सरळ दाजींना फोन केला, "तिनं काय खाल्लं बघा." त्यानंतर दाजींनी तिला येळवशीला शेतात नेलं नाही. सगळे जायचे, ती घर राखायची. माझ्यावर ती रागावली नाही, पुढच्या महिन्यात दंड पुढं करताना एवढंच म्हणाली, "घे. आता ह्याच्यात चुगली करण्यासारखं काय न्हाय." झडपेत गुठळी झाली असती तर ती गेली असती, त्यामुळं फोन करणं चूक नव्हतं. असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

पुढं कळलं की ताटात अजिबातच हिरवं नसलं की आकडा आणखी डळमळतो, चमचाभर पाल्यानंही हलतो. तेही मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चमचाभरही नको."

मागच्या वर्षी तिची छाती भरून यायला लागली. सोलापूरला नेऊन हृदयाचा स्कॅन केला तर रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं कागदावर नळी काढून समजावलं. वाहिनीच्या भिंतीत काही प्रथिनं असतात, तिथं कॅल्शियम बसू न देणं हे त्यांचं काम. पण ती कामाला लागतात के जीवनसत्त्वामुळं. ते नसलं, किंवा गोळीनं अडवलं, की ती असून नसल्यासारखी.

"म्हणजे हे गोळीमुळं झालं?" मी विचारलं.

"हातभार असू शकतो. ठाम सांगता येणार नाही. वय आहे, साखर आहे. आणि गोळी नसती तर या आज इथं बसल्या नसत्या."

"पालेभाजी खाल्ली असती तर?"

"तर वाहिन्या चांगल्या राहिल्या असत्या का, मला माहीत नाही. पण बंद करायची गरज नव्हती. आणि आता दूध बंद करू नका, त्या कॅल्शियमचा दोष नाही हा."

मला गुन्हेगार हवा होता, त्यानं दिला नाही. दाजींनी त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला, कॅल्शियम. परतताना गाडीतच दूध, दही, ताक बंद झालं. एवढंच नाही, खिशातली डबी काढून त्यांनी स्वतःचा चुना खिडकीबाहेर फेकला आणि कोरडी तंबाखू मळायला लागले. अक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "चुना साठला माझ्या नळ्यांत आन् सोडला ह्यांनी. तंबाखू तेवढी ऱ्हायली." मग त्यांना, "अहो, आता वारा खाऊन जगते. त्यो बी मोजून द्या." आम्ही सगळे हसलो. दाजीसुद्धा. मी हसायला नको होतं, त्याच गाडीत भांडायला हवं होतं. मला सकाळची ड्युटी होती, मी धाराशिवला उतरून गेले.

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट वाढतात. मी पहाटे उठून भज्जी केली आणि ताटात दोन वाट्या ठेवल्या. दाजी दारात आले. "ते काढ. तिला चालत नाही."

"ती गेली दाजी."

"मला सांगतीस?" ते वाटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "म्या बी खाल्लं न्हाय. अकरा वर्षं. तिच्यासमोर कसं खायचं..."

हे मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातल्या दोघींनी पदर डोळ्याला लावला. मी लावला नाही. "तुम्ही खाल्लं नाही म्हणून तिचं पोट भरलं का?" मी विचारलं. त्यांनी वाटीला हात घातला, मी वाटी सोडली नाही. जरा वेळानं त्यांनी हात काढला आणि ते बाहेर जाऊन बसले.

त्यानंतर मी दोनदा बेंबळीला जाऊन आले. दाजी आता स्वतः रांधतात. वरणात पान नाही, भाजी म्हणजे बटाटा किंवा बेसन. पहिल्या खेपेला मी मेथीची जुडी ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "आता कुणाचा आकडा बघायचाय? करून खा." मागच्या आठवड्यात गेले तर जुडी तिथंच, तशीच बांधलेली, पिवळी पडून वाळलेली. शिजवली नव्हती आणि टाकलीही नव्हती. मी ती उचलली नाही. शेजारी दुसरी ठेवली आणि पाचची गाडी धरली.