कुजबुजबाईंची चुकलेली ओळ

नाटक कंपनीतल्या लोकांनी त्यांचं खरं नाव केव्हाच बाजूला ठेवलं होतं. विंगेतल्या काळोखात, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर, मांडीवर नाटकाची वही आणि वहीवर मिणमिणता दिवा घेऊन जी बाई उभ्या आयुष्यात एकदाही प्रेक्षकांना दिसली नाही, तिला नाव हवं कशाला? विसरलेली ओळ नटाच्या कानात कुजबुजणारी प्रॉम्प्टर, म्हणून ती कुजबुज. ज्यांच्या नुसत्या प्रवेशाला टाळी पडायची असे नट पहिल्या घंटेआधी विंगेत डोकावून एवढंच बघायचे, की कुजबुज जागेवर आहे ना. ती दिसली की त्यांच्या जिवात जीव यायचा. मग बिनधास्त विसरायला ते मोकळे.

पुढं नाट्यगृहाच्या जागी मोटारी ठेवायची इमारत उभी राहिली. कंपनी पांगली. कुणी मालिकांत आजोबा झालं, कुणी खरोखरचं आजोबा झालं. कुजबुजबाई मात्र सुनेच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, एका जुन्या लॅपटॉपपुढं येऊन बसल्या.

ही सुनेची करामत. मुलगा बोटीवर, घरी दोघीच. सून फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करायची. त्यामुळं ती कशानंच दचकत नसे.

"आई, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द दिलेत," ती म्हणाली होती. "तेच करायचं. फक्त घरी बसून."

तिनं लेखनाची कामं मिळतात त्या साइटवर सासूबाईंचं खातं उघडलं. लोक तिथं काय काय मागत. निरोप समारंभाचं भाषण, दुकानाची माहिती, मुलाखतीची उत्तरं. सुनेनं सगळा सरंजाम मांडून दिला. शुद्धलेखन तपासणारं एक यंत्र, लोक कोणते शब्द शोधतात ते सांगणारं दुसरं, कामाची आठवण करून देणारं तिसरं. शिवाय दोघांनी एकाच वेळी उघडून लिहायचं एक सामाईक पान. त्या पानावर कोण आलंय ते वरच्या कोपऱ्यातल्या रंगीत गोलावरून कळायचं. बाईंचा गोल जांभळा होता.

फोटो टाकायची वेळ आली तेव्हा बाई कपाटामागं लपायच्या बाकी राहिल्या होत्या. जन्मभर उजेडापासून चार हात लांब राहिलेली बाई ती. "फोटोशिवाय कुणी विचारत नाही हो," असं म्हणत सुनेनं त्यांना खिडकीशी उभं केलं. फोटोत बाई अशा दिसत होत्या, जणू कुणीतरी चुकून पडदा वर ओढलाय.

कामं आली, पण सगळी फुटकळ. एक आलं की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. आणि डोक्यावर दादांची टांगती तलवार.

दादा म्हणजे बाईंचे थोरले बंधू. त्यांची लाँड्री होती. गल्ल्यावरचा माणूस काम सोडून गेला होता आणि ती जागा त्यांनी बहिणीसाठी धरून ठेवली होती. "तिथं बसून काय अंडी उबवतेस का?" लॅपटॉपकडं बोट दाखवून ते म्हणाले होते. "माझ्याकडं ये. पंखा आहे, खुर्ची आहे, चहा आहे." बाईंनी शब्द दिला होता, की महिनाअखेरपर्यंत एखादं कायमचं काम हाती लागलं नाही, तर पहिल्या तारखेपासून मी गल्ल्यावर बसेन.

दादांचा हेतू चांगलाच होता. पण लाँड्रीत दिवसभर बोलायचं ते एकच वाक्य, "परवा मिळेल." जिच्या जिभेवर शेकडो नाटकं होती तिनं उरलेला जन्म त्या एका वाक्यावर काढायचा, हा विचारच बाईंना नकोसा व्हायचा.

अशात ड्रायव्हर आला.

रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला आपल्या आठवणी लिहायच्या होत्या, मुलींसाठी. पुस्तकभर काम, निदान वर्षाचं. अट एकच होती. आधी एक प्रकरण करून बघू, जमलं तर पुढं. तो दुपारी चारला सामाईक पानावर यायचा, त्याचा हिरवा गोल उजळायचा, आणि मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत तो लिहायचा. बाई मागून येऊन वाक्यं नीट करायच्या, तुटलेलं जोडायच्या.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय तरी मीच बोलल्यासारखं वाटतंय," एकदा त्यानं पानावरच लिहिलं.

त्या दिवशी बाईंनी चहात साखर दोनदा घातली आणि त्यांना कळलंही नाही.

मग तो दिवस आला. प्रकरण शेवटाकडं आलं होतं. ड्रायव्हर लिहीत होता, 'तिसऱ्या मजल्यावर पळत गेलो. दार उघडंच होतं. मी ते ढकललं आणि'

इथं तो थांबला.

पानावर ती बारीक उभी रेघ उघडझाप करत राहिली. 'आणि'च्या पुढं, जिथल्या तिथं. हिरवा गोल जागेवर. अक्षर काही येईना. बाई स्क्रीनकडं बघत होत्या. रेघ दिसे, नाहीशी होई, दिसे.

आता नाटक बघणाऱ्याला ठाऊक नसतं, पण विंगेतल्या माणसाचा सगळा संसार एका गोष्टीवर चालतो. नट गप्प झाला, तर तो विसरलाय की थांबलाय? विसरला असेल तर पुढचा शब्द त्या क्षणी त्याच्या कानात पडला पाहिजे. पण तो थांबला असेल, त्यानं पॉज घेतला असेल, तर विंगेतून साधा कागदही वाजता कामा नये. बाईंना हे नटाच्या खांद्यांवरून कळायचं. विसरलेल्याचे खांदे वर चढतात. थांबलेल्याचे खाली उतरतात.

त्या रेघेला खांदे नव्हते.

बाईंचे हात शिवशिवायला लागले. बिचारा अडकलाय, त्यांना वाटलं. माणूस रंगमंचाच्या मधोमध उभा आहे, समोर भरलेलं थिएटर आहे, आणि वही माझ्या मांडीवर. सवय आड आली. 'आणि'च्या पुढं त्यांनी झरझर लिहून टाकलं, 'समोरचं दृश्य पाहून माझ्या पायाखालची जमीन सरकली.'

रेघ जागेवरच थबकली. मग हिरवा गोल विझला.

"गेला असेल काहीतरी कामाला," सून म्हणाली.

"नाही गं. तो पॉज होता," बाई म्हणाल्या. "मी पॉजमध्ये प्रॉम्प्ट केलं."

दुसऱ्या दिवशी चार वाजले, गोल आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी आपलं ते वाक्य पुसून टाकलं. पण बोललेलं वाक्य थोडंच परत घेता येतं. साइटवरून मात्र सूचनांचा मारा सुरू झाला. 'तुमचा ग्राहक शांत आहे. त्याला आठवण पाठवा.' त्याखाली एक गुबगुबीत निळं बटण. बाई त्या बटणापासून बोट असं लांब ठेवायच्या, जसं तापलेल्या इस्त्रीपासून ठेवावं. भाजी चिरताना ऐकू येणारा प्रत्येक आवाज लॅपटॉपमधून आल्यासारखा वाटायचा. कुकरची शिट्टी झाली तरी त्या टेबलाशी येऊन बघायच्या.

आणि त्यात भर म्हणून आठवण करून देणाऱ्या त्या तिसऱ्या यंत्रानं आपली अक्कल दाखवली. सुनेनं कधीतरी त्यात मजकूर भरून ठेवला होता. वेळ झाली तसा तो आपोआप ड्रायव्हरकडं गेला. 'नमस्कार! काम कसं वाटलं? पाच तारे द्यायला विसरू नका!' शेवटी हसणारा पिवळा चेहराही होता.

बाईंनी लॅपटॉप सुनेपुढं ढकलला.

"काय गं हे? मयताच्या घरी वाजंत्री पाठवलीस तू."

"बंदच करायचं राहिलं हो ते," सूनही पहिल्यांदाच खजील झाली. मग म्हणाली, "आपण माफी मागू. मजकूर तयार करणारं यंत्रही आहे, त्याच्याकडून लिहून घेऊ, छान लिहितं ते."

यंत्रानं डोळ्याचं पातं लवायच्या आत माफी लिहून दिली. 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.' बाईंनी ती दोनदा वाचली.

"हे तुमच्या ऑफिसातलं वाटतंय," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडं हेच पाठवतात."

"मग लोकांचा राग जातो का?"

"वाढतो," सून प्रामाणिकपणे म्हणाली.

संध्याकाळी दादांचा फोन आला. गल्ल्यावरची खुर्ची त्यांनी पुसून ठेवली होती, पाठीला उशीही आणली होती. बाईंनी धुवायला दिलेले घरातले पडदे तेवढे अजून व्हायचे होते. "पहिलीला येतेयस ना?" त्यांनी मायेनं विचारलं. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना कंपनीतला एक जुना रिवाज आठवला.

पॉजमध्ये प्रॉम्प्ट केलेल्या माणसानं माफी मागायची नसे. नटापुढं रडगाणं गायलेलं चालत नसे. त्यानं त्याचा दुसरा प्रयोगही बिघडतो. पुढच्या प्रयोगाला, तिसऱ्या घंटेआधी, प्रॉम्प्टरनं त्या नटासमोर उभं राहून वही मिटायची. बोलायचं काही नाही. तो प्रवेश सुरू झाला, की मिटल्या वहीवर हात ठेवून विंगेत बसायचं. याचा अर्थ असा, की हा प्रवेश तुझा. विसरलास तरी तुझा. पण मी इथंच आहे. भले भले नट त्या प्रयोगाला वेगळेच उभे राहायचे.

"सूनबाई," बाईंनी हाक मारली, "या पानावर मला लिहिताच येऊ नये असं करता येतं का?"

"म्हणजे?"

"पान त्याच्या नावावर करायचं. मी फक्त वाचणार. पण माझा गोल त्याला दिसला पाहिजे."

सुनेनं डोळे बारीक केले. "येतं करता. पण आई, मग काम कसं करणार तुम्ही? त्यानं परत परवानगी दिली नाही, तर संपलंच की."

"संपलं तर संपलं," बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा पदराशी चाळा चालू होता. सुनेला तो दिसला. तिनं पान ड्रायव्हरच्या नावावर केलं आणि बाईंच्या जांभळ्या गोलापुढं शब्द आले, फक्त वाचक.

वही मिटली.

त्यानंतर बाई रोज चारला लॅपटॉप उघडून बसू लागल्या. टंकायला काही नव्हतं. 'आणि' या शब्दाकडं बघायचं, पाच वाजले की उठायचं. सून कामावर निघताना विचारी, "आज येईल का हो?" बाई म्हणत, "मला काय विचारतेस? मला वही दिलेली नाही." पण मनात नाही नाही ते यायचं. कदाचित त्यानं पान उघडलंच नसेल. कदाचित दुसरा लेखनिक शोधलाही असेल, ज्याच्या खात्यावर तारेच तारे आहेत, आणि जो गप्प बसतो. महिना संपत आला.

आणि एका दुपारी, बाई चष्मा पुसत असताना, वर जांभळ्याशेजारी हिरवं काहीतरी उजळलं.

चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत रेघ 'आणि'च्या पुढं जाऊन उभी होती. उघडझाप, उघडझाप. बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. परवानगी नव्हतीच, तरी दाबून धरले. किती वेळ गेला कोण जाणे. मग अक्षरं यायला लागली, एकेक करून, पायरी चढल्यासारखी.

'आणि म्हातारी म्हणाली, बूट काढून या, आत्ताच फरशी पुसलीय. मी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या. आतल्या खोलीत तिचा नवरा होता. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, नाड्यांनी काही फरक पडला नसता. त्यात गेलेले क्षण मी अजून मोजतो.'

आपलं ते जमीन सरकल्याचं वाक्य आठवून बाईंचे कान तापले. या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली नव्हती. ती नुकतीच पुसलेली होती, आणि त्यानं तिची अदब राखली होती.

खाली आणखी एक ओळ आली. 'मॅडम, तुमचा गोल रोज दिसायचा. पान न उघडता बाहेरूनच बघत होतो. बंद का केलंत लिहायचं, ते आधी कळलं नाही. मग कळलं.'

बाईंना उत्तर देता येत नव्हतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, दिसत राहिल्या.

रेघ पुन्हा थांबली. थोड्या वेळानं त्यानं एकच शब्द लिहिला, 'पुढचं?'

पोरवयातल्या नटानं विंगेकडं मान वळवावी, तसा तो शब्द बाईंकडं बघत होता. त्याच वेळी पानावर पट्टी उमटली, तुम्हाला लिहिण्याची परवानगी देण्यात आली आहे.

बाईंनी मांड्यांखालचे हात काढले. बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी काही सुचवलं नाही. एवढंच लिहिलं, 'म्हातारी नंतर काय म्हणाली?'

हिरवी रेघ लगेच पळायला लागली.

प्रकरण पुरं झाल्यावर ड्रायव्हरनं साइटवर शेरा दिला. तारे तीन. सून चिडली. "तीन? वर्षभराचं काम देतोय आणि तारे तीनच?" बाईंनी शेरा मोठ्यानं वाचला, "बाई गप्प बसतात. अजून पुस्तक व्हायचंय, बाकीचे तेव्हा देईन."

"खाली घसरेल हो आपलं खातं."

"घसरू दे," असं म्हणत बाईंनी फोन उचलला. दादांचा नंबर फिरवला.

"दादा, ती उशी तूच घे पाठीला," त्या म्हणाल्या.

पलीकडं दादा गप्प झाले. बाईंनी घाई केली नाही. कान देऊन त्या ऐकत राहिल्या, तो विसरलाय की थांबलाय.

"बरं," अखेरीस दादा म्हणाले. "तुझे पडदे झालेत. परवा मिळतील."