तिसरी भाकरी

तीन या आकड्याला मी जितकी भ्याले तितकी नवऱ्यालाही भ्याले नाही. तिघं मिळून गावाला निघाले तर मी चौथा म्हणून एक खडा कुणाच्या तरी पदराला बांधायची. पण ते एखाद वेळी विसरलं तरी चालायचं. ताटात तीन भाकरी वाढायच्या नाहीत, हे मात्र मी झोपेतही विसरले नसते.

त्याला कारण माझे आजोबा. मी नऊ वर्षांची असताना आई शेतात गेली होती आणि त्यांना जेवायला मी वाढलं. ताटात एकदम तीन भाकरी ठेवल्या. चौथ्या दिवशी आजोबा गेले. ऐंशीच्या पुढचे होते, दम्यानं वर्षभर खाटेवर पडून होते, पण माझ्या लेखी त्यांना मारलं ते मी. फार रडले. आणि खरं सांगू? रडता रडता जरा रुबाबही वाटला. एवढंसं कार्टं, पण भाकरीनं माणूस मारतं.

लग्न होऊन चोपड्याजवळच्या खेड्यात आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, "तीन वाढू नको वं पोरी. तिसरी मरेल मानूसनी शे." तिसरी मेलेल्या माणसाची, हे मला नवं नव्हतं. मी अशी मान हलवली, जशी काही मीच तिला शिकवणार होते. पुढे सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि चूल माझ्या हाती आली. वय अवघं वीस, मांडीवर मूल नाही, आणि घरात कोणी किती खायचं ते ठरवणार मी. गावच्या पाटलालाही एवढा तोरा नसेल.

धाकटी जाऊ सावद्याकडची. उंच, हाडापेरानं मोठी, केळीच्या मळ्यात वाढलेली. तिच्या बोलीला आम्ही हसायचो, तीही आमच्या बोलीला हसायची. वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. मुलगी म्हणून बाळंतिणीचे लाड सव्वा महिन्यातच आटोपले. त्याच साली पाऊस भादव्यातच तोंड फिरवून गेला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. कणगीत हात घातला की तळ लागायचा. मी हिशेब बसवला: औतावरच्या पुरुषांना चार, बायकांना दोन.

दोन भाकरींत तिचं भागेना. पोरगी सारखी अंगावर, आणि दूध कमी पडू लागलेलं. एक दिवस ती हळूच म्हणाली, "अक्का, मले अजून एक द्या ना."

मी समजावल्यासारखं सांगितलं की बाई, दोन तरी घे नाही तर चार. चार आता घरात निघत नाहीत. तीन मी देणार नाही, लेकरवाळी आहेस, तुझ्याच भल्यासाठी सांगते. ती म्हणाली, मग मोडून अर्धी अर्धी द्या. मी म्हटलं, मोडली तरी तिसरी ती तिसरीच. ओट्यावर बसलेल्या सासूनं हे ऐकलं. ती म्हणाली, "अवं, कोर मोडीसन दी दे तिले." कोर मोडली की भाकरी मोजणीत धरत नाहीत, अशी पळवाट खुद्द नियम शिकवणारीनंच काढली होती. पण मी शिकवणारीपेक्षा सोवळी. ऐकलं नाही. आंधळ्या म्हातारीला काय कळतं, असंही मनात आलं.

आता ती गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. मी स्वतः दोन खात नव्हते. चुलीपुढे, भाकरी करता करता, तव्यावरची एक गरम गरम, मिठाबरोबर उभ्या उभ्या खाऊन टाकायची. मग पानावर सगळ्यांच्या देखत दोन. ताटात नाही तर आकडा लागत नाही, असा माझा कायदा होता. तो कायदा तिलाही सांगता आला असता. सांगितला नाही. तिच्या मांडीवर पोर होतं आणि माझ्या नव्हतं, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता असं मी तेव्हा म्हटलं असतं.

चैत्रात पोरीला जुलाब लागले. ती दूध ओढायची आणि सोडून रडायची. एका सकाळी जाऊ पाण्याची घागर घेऊन मागच्या दारानं आत आली. माझ्या तोंडात घास होता आणि हातात अर्धी भाकरी. तिनं घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"अक्का, तुमची तिसरी कोन मोजते?"

आवाज चढवला नाही. खरंच विचारावं तसं विचारलं. मी पाठ फिरवून उरलेली भाकरी चुलीत टाकली. चुलीत! बाळंतीण उपाशी आणि मी भाकरी जाळली, का तर पुरावा नको.

त्या दुपारपासून तिच्या ताटात मी चार वाढल्या, माझ्या वाट्याच्या दोन त्यात घालून. तिनं खाल्ल्या. पण दूध काही परत आलं नाही. शेजारणीच्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं, ते टिकेना. आठव्या दिवशी पोरगी गेली. नदीच्या काठाला पुरली. गावानं उन्हाळ्याला दोष दिला, सासूनं दृष्टीला. एका भाकरीनं ती वाचली असती असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. वाचली नसती असंही म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पानावर बसली. मी चार वाढल्या. तिनं वरच्या दोन उचलल्या आणि दुरडीत परत ठेवल्या.

"दोन पुरे, अक्का. आता एकटीचंच पोट हाये."

पुढच्या साली पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर तिनं वेगळी चूल मागितली. घरात चर्चा झाली, सासऱ्यांनी कारण विचारलं. आता माझं नाव निघणार म्हणून मी भिंतीआड कान लावून उभी होते. ती म्हणाली, धुरानं डोळे चुरचुरतात. तेवढंच. नवऱ्यालाही तिनं कधी सांगितलं नाही, हे मला पुढे कळलं. पुढची तीस वर्षं आम्ही एका अंगणात दोन चुली पेटवल्या. सणावाराला ती मला वाकून नमस्कार करायची, आणि मी आशीर्वाद द्यायची.