नदी गोठायच्या आत

कॅनडात लेकीनं किल्ला दाखवायला नेलं. पाहते तर दगड नाही, बुरूज नाही. नुसतं लाकडाचं उंच कुंपण, तेही नव्यानं बांधून जुनं दाखवलेलं. पूर्वी इथं जनावरांच्या कातड्यांचा व्यापार चालायचा. आत चुलीजवळ जुन्या काळचा झगा घातलेली एक बाई लोकरीचा मोजा रफू करत बसली होती.

"हिचा नवरा कुठंय?" मी विचारलं.

लेकीनं तिला विचारून सांगितलं, "कातडी घेऊन होडीनं गेलाय. नदी गोठायच्या आत येईल." मग हळूच म्हणाली, "आई, नोकरी आहे ही तिची. पाच वाजता जीन्स घालून घरी जाईल."

अशा जागी वर्ष पुढं सरकत नाही. गेलेला माणूस कायम यायचाच असतो.

बाईनं हसून मलाही तेच विचारलं.

"गावी आहेत," मी म्हणाले. "पेरणी उरकली की येतील."

लेकीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील जाऊन चार महिने झालेत. मी तेव्हा रडले नाही, अजूनही नाही. लोकांनी नावं ठेवली. ठेवोत. शेवटी लेकीनं माझं बोलणं जसंच्या तसं बाईला सांगितलं.

बाईचं रफू ढिलं होतं. मी मोजा मागून घेतला, ते रफू उसवलं आणि पुन्हा घट्ट करून मोजा परत दिला.

गाडीत लेक म्हणाली, "आई, खोटं का बोललीस?"

"तीही बोलली. तिला नाही विचारलंस."

घरी हात धुताना बोटावर वाळलेलं रक्त दिसलं. सुई कधी टोचली, मला कळलंच नव्हतं.