वन्संनी शिवलेली सोय

चादरीची दोन टोकं वन्संच्या हातात होती आणि दोन माझ्या. निम्मी घडी झाली असेल, तेवढ्यात पोस्टमनने दाराच्या फटीतून लिफाफा आत सारला. वन्संनी आपली टोकं माझ्या खांद्यावर टाकली आणि लिफाफा फोडला. त्या उभ्या उभ्या वाचत होत्या आणि मी चादर पांघरून ताटकळत होते. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "वहिनी, नाही म्हणतायत." मग पुन्हा घडी घालायला आल्या, पण कुठलं टोक कुणाचं ते दोघींनाही कळेना. चादर बोळा करून खुर्चीवर ठेवली. अजून तिथंच आहे.

या गोष्टीला आज चार दिवस झाले. रोज वहीत एकेक ओळ लिहून सोडून देत होते, आज सगळं सलग लिहिते. निदान माझं मला तरी उमजेल.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारलं नाही आणि आता विचारायची सोयही राहिली नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात कपड्यांची खोली आहे, तिथं त्या बत्तीस वर्षं शिवतायत. खोलीची खिडकी छताला टेकलेली, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसतात. वन्सं पायांवरून डॉक्टर ओळखतात. मधोमध विरलेली चादर आली की त्या ती उभी फाडतात, धडधाकट कडा मध्ये आणून जोडतात आणि विरलेला भाग बाजूला, गादीखाली दडपला जाईल असा घेतात. त्यांचं म्हणणं एकच, पेशंटला आपण शिवलेल्या चादरीवर झोपलोय हे कळता कामा नये. कुणी "काय सुंदर शिवण घातलीत" म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. दिसली म्हणजे बिघडलीच, असा त्यांचा हिशेब.

त्या आणि सासूबाई खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. सासूबाईंची बोटं पाच वर्षांपूर्वी आखडायला लागली. आता तर हाताची मूठही होत नाही आणि नीट उघडतही नाही. पण घरात तसं कुणी बोलत नाही. वन्संनी पहिल्यांदा चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलं, "भांड्यांचा आवाज फार होतो" म्हणून. मग कपाटाच्या कड्यांना कापडी फासे लावले, मनगट अडकवून ओढता येतील असे. पेनाला गुबगुबीत खोळ शिवली. आणि गाऊनची सगळी बटणं काढून काजांवर वरूनच टाके घालून बसवली, नुसती दिसायला. आतून पर्सला असतात तसे चुंबक. सासूबाई दोन्ही कडा नुसत्या जवळ आणतात आणि गाऊन टक टक मिटतो. बघणाऱ्याला वाटावं, बाई बटणं लावतायत. हे सगळं मला माहीत होतं, पण त्याच्याकडे बघायचं नाही हेही माहीत होतं.

गेल्या दोन महिन्यांत दुपारी दोनदा दुधाचं पातेलं हातातून निसटलं. एकदा पायावर. दुपारी मी डोकावते, पण सासूबाई माझ्या हातून चहासुद्धा ओतून घेत नाहीत. "सूनबाई, तुझी पूजा चालू दे," म्हणतात, म्हणजे वर जा. तेव्हा वन्संनी ठरवलं, दुपारची पाळी सोडायची आणि आईजवळ बसायचं. पण अर्ध्या पगारात दोघींचं भागणार कसं? तेव्हा ह्यांनी करातल्या सवलतींची पुस्तिका आणली.

ती पुस्तिका मी तीनदा वाचली. चार प्रकरणं आहेत, कुटुंब, विद्यार्थी, ज्येष्ठ आणि अपंग. आमच्या मुलीच्या फीची सवलत दुसऱ्या प्रकरणात होती. ती एका पावतीवर मिळाली होती, म्हणून आम्हाला वाटलं सगळं तसंच असणार. पण सासूबाई पहिल्या प्रकरणात बसतात, तिसऱ्यातही बसतात आणि चौथ्यातही. पहिलं घेतलं तर तिसरं घेता येत नाही, चौथं घेतलं तर पहिल्याचा निम्मा भाग मिळतो. काही रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि काही थेट करातून, या दोन्हींत फरक काय ते ह्यांनी मला चहाच्या कपांवर समजावलं, तरी समजलं नाही. वन्संचा कर तो केवढासा. तर पुस्तिका म्हणते, कर संपला तरी उरलेली सवलत हातात मिळेल. भरलंच नाही ते परत कसं देतात? हे म्हणाले, "देतायत तर घे, वाद घालू नकोस."

एवढं मात्र कळलं, की चौथं प्रकरण मिळालं तर वन्संना दुपारी घरी बसता येईल आणि नाही मिळालं तर नाही. त्यासाठी सरकारी डॉक्टरचा दाखला हवा होता, की या बाईंना रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते.

तपासणीला आम्ही तिघी गेलो. वन्संनी सवयीप्रमाणे पिशवी भरली. त्यात सासूबाईंचा दोन कानांचा कप आणि खोळीचं पेन होतं. अंगात तो गाऊन होताच. डॉक्टरांनी आधी गाऊन काढून पुन्हा घालायला सांगितला. टक टक झालं, ते त्यांना ऐकू आलं नसावं. मग पाणी प्यायला सांगितलं, वन्संनी झटकन कप पुढे केला. मग सही. पेनही झटकन पुढे. डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, तुम्ही तर माझ्यापेक्षा चपळ आहात." सासूबाई लाजल्या. आणि खरं सांगते, आम्ही तिघीही खूश होऊन घरी आलो. परीक्षेत पोर पहिलं आल्यासारख्या. आपण कशाला गेलो होतो हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. बत्तीस वर्षं जिनं शिवण लपवली, तिनं इथंही लपवली.

लिफाफ्यात लिहिलं होतं, "सर्व दैनंदिन कामे स्वतः करतात. मदतीची गरज आढळली नाही."

परवा वन्संबरोबर मी कर कार्यालयात गेले. खिडकीवरची बाई चांगली होती, तिनं सगळं ऐकून घेतलं. वन्संनी पहिल्यांदाच कुणाला तरी ते चुंबकाचं सांगितलं, मान खाली घालून, चोरी कबूल करावी तशी. ती बाई बराच वेळ अर्ज उलटसुलट करत राहिली. म्हणाली, माणूस मदत करत असेल तर त्याला रकाना आहे, पण कपड्यानं मदत केली तर ती कुठं लिहायची ते तिलाही माहीत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, पंधरा दिवसांत फेरतपासणी मागता येते. आजींना साध्या कपड्यात आणा, बरोबर काही आणू नका.

घरी परतल्यावर वन्सं जिन्यात थांबून म्हणाल्या, "म्हणजे आईला परक्या माणसासमोर बटणाशी झटताना उभी करायची. आणि आपण बघत बसायचं."

मला वाटलं साधा गाऊन घालून नेणं म्हणजे खोटेपणा. मग वाटलं, चुंबक लावून नेलं तोच खोटेपणा होता. मग वाटलं, दोन्ही खरंच आहे. देवापुढे बसले, पण मागायचं काय तेच ठरेना. नुसती वात सारखी करत राहिले.

आज सकाळी खाली गेले तेव्हा वन्सं कामावर निघत होत्या, चप्पल एका पायात. फेरतपासणीचा कागद टेबलावर तसाच, कोरा. आईला काही सांगू नका, असं त्या मला डोळ्यांनीच बजावत होत्या. सासूबाई पलंगावर बसून गाऊन मिटत होत्या. टक, टक. मध्येच हात थांबवून म्हणाल्या,

"बटणं परत लाव गं याला. खरी."

वन्सं दुसरी चप्पल पायानं चाचपत राहिल्या.

"माझी बोटं आहेत, मला कळत नाही का कशाला काय लावलंय ते? तुला बरं वाटतं म्हणून गप्प होते. परवा जिन्यातलं तुमचं बोलणंही ऐकलंय मी. त्या डॉक्टरसमोर मीच मिरवलं, माझीच चूक."

"आई, तिथं जमणार नाही तुला."

"नाही जमणार. तेच बघायचंय ना त्याला? बघू दे की. पण शेवटी ती बटणं लावायला तो नको, तू पुढे ये."

वन्संनी दुसरी चप्पल घातली, मग दोन्ही काढल्या आणि कागद भरायला बसल्या. "मदत कोण करते" या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, चुकीच्या ठिकाणी टाका पडला की बघतात तशा. सासूबाई मला म्हणाल्या, चहा ओत. मी ओतला. त्यांनी तो प्यायला. हे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. आणि चौथं प्रकरण घेतल्यावर पहिल्याचा निम्मा भाग आधी वजा करायचा की नंतर, तेही नाही.

गाऊनवरची तीच बटणं आता खरी लावायची, पण टाके उसवताना त्यातली दोन फुटली. तेव्हा दुपारी बाजारात जायचं आहे. चार भोकांची, पांढरी, दोन बटणं आणायची.