जियालाल टेंभरेचा निळा डोंगा

जियालाल टेंभरेच्या पायाला भिंगरी होती आणि हात सदा शिवशिवत असायचे. बारावी अर्ध्यावर टाकून तो गोंदियाला राइस मिलमध्ये लागला, तिथून रायपूरच्या ट्रकवर क्लीनर झाला, मग हायवेवरच्या एका ढाब्यावर तंदूर सांभाळला. दरवेळी पाच-सहा महिने झाले की सडक अर्जुनीच्या आतल्या आपल्या गावी परत. घरी आला की काहीतरी बनवायला घ्यायचा. न्हाणीघराचं दार त्याने अर्धं केलं होतं, उरलेल्या अर्ध्यावर तुलसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पोतं टांगलं होतं. कोंबड्यांच्या खुराड्याला छप्पर नव्हतं. लोक हसायचे, तोही हसायचा. पण चाळिशी आली तरी हे मी पुरं केलं असं म्हणायला आपल्याकडे एकही वस्तू नाही, हे त्याला आतून खात होतं.

२००४ साली तुलसाला अंगणवाडी सेविकेची नोकरी मिळाली. अंगणवाडी गावात नव्हती, तलावापलीकडच्या मोहटोला नावाच्या वस्तीवर होती. टोल्यावर दहावी झालेली एकही बाई नव्हती, म्हणून ग्रामपंचायतीने तुलसाचं नाव दिलं. उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा ती मधूनच पायवाटेने वीस मिनिटांत पोचायची. पावसाळा लागला आणि पायवाट पाण्याखाली गेली. मग पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, नाल्याला वळसा घालून, सात किलोमीटर चिखल. आषाढात ती दोनदा उशिरा पोचली आणि दोन्ही वेळा सुपरवायझर मॅडम नेमक्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभ्या होत्या. आणखी एकदा असं झालं तर दुसरी बाई नेमू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

तुलसाला ती नोकरी जिवापाड हवी होती. सासरी आल्यापासून तिला कुणी नावाने हाक मारली नव्हती. टोल्यावरची पोरं मात्र "तुलसा मॅडम" म्हणून अंगावर धावून यायची.

तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी दुलीचंदने नवा डोंगा, म्हणजे लहान होडी, घेतला होता. जुना त्याला काढायचा होता. एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेला, रुंद, जड, म्हशीसारखा संथ.

"घेऊन टाक, जियालालभाऊ," तो म्हणाला. "नवशिक्याले असाच डोंगा पाह्यजे. कितीबी हालला तरी पलटत नाई."

तुलसा लगेच तयार झाली. जियालालने त्या डोंग्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटाने टिचकी मारून पाहिली आणि नाक मुरडलं. "याच्यानं जाशीन तं थे पोट्टे घरी जातीन. मी बनवतो. हलका, लांब. दहा मिनिटात पार."

"तुमी कधी डोंग्यात बसले तरी आहा का?" तुलसाने विचारलं.

"बंडी बनवली तवा मी बैल होतो का?"

ती बैलगाडीही अर्धीच राहिली होती, हे तुलसाने त्याला बोलून दाखवलं नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याने कमाल केली. सागाच्या फळ्यांना रंधा मारला, सांध्यांत कापूस ठासला, वरून डांबर ओतलं. मधे दोनदा त्याला सगळं टाकून रायपूरला पळावंसं वाटलं. एकदा तर पिशवीही भरली होती. पण संध्याकाळी तुलसा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली, तशीच न्हाणीघरात गेली, आणि त्याने पिशवी पुन्हा खुंटीला लावली. श्रावणात डोंगा पाण्यात उतरला. अरुंद होता, अंगाला जरा झोका दिला की डगमगायचा, पण पळायचा. आठ दिवस त्याने तुलसाला रोज वेळेत मोहटोल्यावर सोडलं. ती दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसायची आणि पार झाल्यावरच श्वास सोडायची. जियालाल मात्र गावभर सांगत सुटला, एकाच माणसाला दोन-दोनदा.

पोळ्यानंतर तुलसा दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गोंदियाला गेली. इकडे जियालालला चैन पडेना. डोंगा काठावर नुसता बांधून ठेवायचा, पाण्यात भिजत? त्याचे आजे-पणजे शेतकरी. नांगर असो, वखर असो की बंडीचं जू, काम संपलं की पुसून गुरांच्या कोठ्यात कोरड्या जागी ठेवायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. लाकूड ओलं ठेवणारा माणूस त्यांच्यात आळशी ठरतो. चार माणसं लावून त्याने डोंगा घरी आणला, कोठ्यात आडवा टाकला. नेमकी पावसानेही उघडीप दिली. भादव्याचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. फळ्या छान खडखडीत वाळल्या म्हणून त्याला बरं वाटलं, आणि त्यावर त्याने निळा तेलरंग चढवला, दोन हात. सांध्यांतल्या बारीक भेगा रंगाखाली झाकून गेल्या, हे त्याला कळलं नाही.

तुलसा रविवारी परतली. सोमवारी सुपरवायझर मॅडम येणार होत्या. सकाळी ती इस्त्रीची साडी नेसून, रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोंग्यात बसली. रंग पाहून "छान झाला जी," असंही म्हणाली. तलावाच्या मधोमध तिच्या पायाला गार लागलं.

"अजी, पाणी!"

"शिंतोडे असतीन."

शिंतोडे नव्हते. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शांतपणे वर येत होतं. जियालाल वल्हं टाकून उठला आणि ओंजळीने पाणी उपसू लागला, तसा डोंगा एका अंगाला कलला. तुलसा किंचाळली. दोघांनाही पोहता येत नव्हतं. जाळी ओढत असलेल्या दुलीचंदने ते पाहिलं आणि तो आपला डोंगा घेऊन आला.

"खाली बस!" तो लांबूनच ओरडला. "उभा काऊन होऊन राह्यला? बस, लाकूड बुडत नाई!"

दुलीचंदच्या डोंग्यात जाळी आणि मासे होते, एकाच माणसाची जागा होती. तुलसाने आधी रजिस्टर दिलं, मग स्वतः चढली. साडी कमरेपर्यंत भिजली होती.

"मले मोहटोल्यावर सोडा, दुलीचंदभाऊ," ती म्हणाली. "मंग यांना घ्यायले या."

जियालालकडे तिने पाहिलंच नाही. तो काठोकाठ भरलेल्या डोंग्यात, पोटापर्यंत पाण्यात, दोन्ही कडा धरून बसून राहिला. हलला की डोंगा कलायचा, म्हणून हलताही येत नव्हतं. असं अर्धा तास. आयुष्यात पहिल्यांदा तो इतका वेळ एका जागी होता आणि त्याचा जीव नुसता तडफडत होता. आधी दुलीचंदचा राग आला, मग तुलसाचा. पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला. अंगणवाडी वेळेत उघडली होती. तेव्हा कुठे त्याला लाज वाटली, आणि ती अशी वाटली की पाण्यात असूनही कान गरम झाले. तिची नोकरी पाण्याने नव्हे, आपण घालवली असती.

दुलीचंद परत आला. डोंगा काठावर ओढून त्याने सांध्यात नख घातलं आणि कपाळाला हात लावला. "वाळवला का गा याले?"

"कोठ्यात ठेवला होता. नीट."

"डोंगा कोणी घरी नेत असते का? आमी तं उन्हाळ्यात गोटे भरून खोल डोहात बुडवून ठेवतो. लाकूड वाळलं का सांधे उघडतेत. आता बुडव. फुगू दे आठ-दहा दिवस."

दुसऱ्याच दिवशी तुलसाने दुलीचंदचा जुना डोंगा घेतला. जियालालला विचारलं नाही, फक्त सांगितलं. आणि वल्हंही स्वतःच हाती घेतलं. पहिल्या दिवशी ती गोलगोल फिरत राहिली, दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यात घुसली. पण तो म्हसाडा डोंगा खरंच उलटत नव्हता, त्यामुळे चुकायला सवड होती. चौथ्या दिवशी ती एकटी सरळ पार गेली, दहाच्या आधी.

जियालालने स्वतःच्या हाताने घडवलेल्या डोंग्यात स्वतःच्या हाताने दगड भरले. निळा रंग पाण्याखाली दिसेनासा होईपर्यंत तो काठावरून हलला नाही. नंतरचे दिवस त्याच्यासाठी फार वाईट गेले. करण्यासारखं काही नव्हतं, फक्त थांबायचं होतं. सकाळ-संध्याकाळ तो काठावर जाऊन यायचा. तिसऱ्या दिवशी दगड काढायला पाण्यात उतरला होता, दुलीचंदने हाकलून दिलं. पिशवी खुंटीवरून दोनदा खाली आली आणि दोनदा वर गेली. दहा दिवस त्याने काढले.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, डोंगा वर निघाला. जियालाल एकटाच त्यात बसून तलावात फेरी मारून आला. तळाला हात फिरवला. कोरडा. धापा टाकत त्याने तो तुलसाच्या डोंग्याशेजारी आणून लावला. ती पिशवी घेऊन निघालीच होती.

"पाह्य! एक थेंब नाई. चाल, बस. दहा मिनिटात सोडतो."

तुलसाने वाकून सांध्यांवरून बोट फिरवलं, अगदी टोकापर्यंत.

"चांगला झाला," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, ते त्याला कळलं. मग ती आपल्या जुन्या डोंग्यात चढली आणि वल्ह्याने काठ मागे ढकलला.

"कायले? बसत काऊन नाई?"

"इतवारी बसीन," तुलसा पाण्यातून म्हणाली. "इतवारी अंगणवाडी बंद रायते."